४×५ इंच शीट फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी खांद्यावरची बॅग: बिलिंगहॅम हॅडली प्रो की डोमके एफ-२?

दिसायला हॅडली प्रोच भारी, पितळी बकल, लेदरचे पट्टे, आणि कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये रबर असल्यामुळे पावसाचं टेन्शन नाही. पण बॅग सपाट आहे हो, फोल्ड केलेला लाकडी ४×५ कोंबला की पोट फुगतं, मग फिल्म भरलेले होल्डर कुठे ठेवायचे? एका होल्डरमध्ये दोनच शीट, म्हणजे पाच-सहा तरी लागतातच, वर लाइट मीटर, लूप (फोकस तपासायचं भिंग), फोकस करताना डोक्यावर घ्यायचं काळं कापड.

डोमके एफ-२ फिलाडेल्फियातल्या प्रेस फोटोग्राफरने, जिम डोमकेने, १९७० च्या दशकात बनवली, खोल आहे, पट्टा बॅगेच्या खालून फिरतो त्यामुळे वजनाचं भ्यायला नको. पॅडिंग मात्र नावालाच, ग्राउंड ग्लास (कॅमेऱ्याच्या मागची फोकसची काच) आतल्या बाजूला करून कापडात गुंडाळा. जुनाट दिसते, पण मी तीच घेईन. ट्रायपॉड काय, दोन्हीकडे हातातच!