ईको कार्गोमधली लोखंडी रॅक: सांगाडा भक्कम, बसवणी कच्ची

एसी, प्लंबिंग, वायरिंगवाल्यांच्या मारुती ईको कार्गो या मालवाहू व्हॅनसाठी गोव्यातले फॅब्रिकेशनवाले मापाप्रमाणे रॅक करून देतात. २५ मिमी अँगलचा सांगाडा, १८ गेजचा पत्रा, वर तीन कप्पे, खाली दोन खण. सांगाड्याबद्दल तक्रार नाही. कप्प्याला पुढून ४० मिमीची उभी कड मात्र सांगून करून घ्यावी, नाहीतर पाने-फिटिंग घसरतात.

खरी गोम बसवणीत आहे. रॅक बऱ्याचदा गाडीच्या तळाच्या पत्र्याला सेल्फ-टॅपिंग स्क्रूने धरलेली असते. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड, स्क्रूचे एक-दोनच आटे धरतात. हादऱ्यांनी भोक रुंदावतं आणि करकचून ब्रेक लागला की भरलेली रॅक ड्रायव्हरच्या पाठीवर. ताशी ५० किमीने जाणारी गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर ५ किलोचं मोकळं मशीन रोखायला सुमारे ७० किलोचा जोर लागतो. म्हणून ८ मिमीचे आरपार बोल्ट, पत्र्याखाली ५० मिमी चौरस व ३ मिमी जाड प्लेट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा), एवढं अडून मागावं. भोक पाडण्याआधी गाडी खालून बघायलाच हवी: इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, सीएनजीची पाइप. भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट नसेल तर इथल्या खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो. पाचशेक किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळावेत.

खणांना चुंबकाची कडी देतात, ती चोर्ला घाटाच्या वळणांवर टिकत नाही. खटक्याची कडी लावून घ्या. ड्रायव्हरमागची जाळी वेगळे पैसे घेऊन देतात. तिथे काटकसर अजिबात नको.

एसीवाल्यांसाठी गॅस सिलिंडरची जागा हा या रॅकचा कच्चा दुवा. एकच साखळी असते, तीही मधोमध, त्यामुळे सिलिंडर बुडातून सरकतो. वर एक, खाली एक असे दोन रॅचेट बेल्ट हवेत आणि सिलिंडर उभाच. एसीत भरायचा आर-३२ गॅस पेट घेणारा आहे. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवून जाऊ नये.

रिकामी रॅकच ४०-५० किलो भरते. आरसीवरच्या एकूण वजनातून गाडीचं रिकामं वजन, ही रॅक आणि माणसं वजा करा. उरेल तेवढाच माल.