'ॲज लाँग ॲज' इटालियनमध्ये: फिंके घ्यावं की पुर्के?

'ॲज लाँग ॲज' इटालियनमध्ये न्यायचं असेल तर आधी एवढंच बघा: बोलणारा वेळ मोजतोय की अट घालतोय? वेळ असेल तर 'फिंके', अट असेल तर 'पुर्के'. शब्दकोशात दोन्ही शेजारीशेजारी दिलेले असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

घरमालकीण भाडेकरूला म्हणते, 'प्वो रेस्तारे फिंके पागा.' म्हणजे भाडं देताय तोवर राहा. ज्या महिन्यात थांबेल, त्या महिन्यात राहणंही संपलं. तीच म्हणाली, 'प्वो रेस्तारे पुर्के पागी', तर अर्थ होतो: राहा की, पण भाडं द्यायचं बरं का. ही किल्ली हातात देण्याआधीची अट. आपलं 'जोपर्यंत भाडं देताय तोपर्यंत राहा' दोन्हीकडे चालून जातं, म्हणून मराठी माणसाचा हात सवयीने फिंकेकडे जातो. वरच्या वाक्यात ते खपेलही. पण हेन्री फोर्डच्या नावावर सांगितलं जातं ते घ्या: गाडी हव्या त्या रंगात मिळेल, फक्त काळी असली पाहिजे. इथे 'पुर्के सीया नेरा' हेच हवं. फिंके घातलंत तर गाडी काळी आहे तोवर रंग निवडा, असं काहीतरी हास्यास्पद होतं.

क्रियापदही बदललं ते लक्षात आलं ना? पागा आणि पागी. फिंकेला बहुतेक वेळा साधं रूप चालतं. पुर्केमागे कोंजुंतीवो, म्हणजे अट, शंका, इच्छा दाखवणारं क्रियापदाचं वेगळं रूप, आलाच पाहिजे, सूट नाही. गंमत म्हणजे 'तू'ला बोलताना ही दोन्ही रूपं 'पागी'च होतात, त्यामुळे मित्रांशी बोलून हा फरक कळतच नाही. आदरार्थी 'लेई' वापरून सराव करा.

आता 'नोन', म्हणजे 'नाही'. 'आस्पेत्तो फिंके नोन आर्रीवी' म्हणजे तू येईपर्यंत थांबते. इंग्रजीच्या वाटेने आलेल्यांना हा नकार खटकतो. आपल्याला खटकायचं कारण नाही, कारण 'तू येत नाहीस तोपर्यंत' आपण रोज म्हणतो. इथे मराठी फुकटात मदत करते. मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बोलोन्यात एकदा कमानींच्या आडोशाला उभी राहून मी फोनवर सांगितलं, 'रेस्तो क्वी फिंके नोन प्योवे.' डोक्यात होतं, पाऊस थांबत नाही तोवर इथेच आहे. तोंडून निघालं, पाऊस पडत नाही तोवर इथे आहे. पलीकडून प्रश्न आला: मग अजून तिथे काय करतेस, धो धो कोसळतोय की! बरोबर वाक्य दोन प्रकारे होतं: 'फिंके प्योवे', पाऊस पडतोय तोवर, किंवा 'फिंके नोन ज्मेत्ते', तो थांबत नाही तोवर. 'येणं', 'थांबणं' अशा क्षणात होणाऱ्या क्रियांशी नोन आपल्यासारखाच वागतो. पाऊस पडत राहणं, घरी असणं अशा चालू स्थितीशी जोडला की अर्थ पार उलटा करतो.

बाकीचे पर्याय झटपट. 'आ कोंदित्सिओने के' (या अटीवर की) करारात आणि अर्जात शोभतं. 'आ पात्तो के' म्हणजे देवाणघेवाणीची बोली: मी स्वयंपाक करते, पण भांडी तू घासायचीस. 'सेंप्रे के'मध्ये शंका असते: उद्या जाऊ, म्हणजे पाऊस नसला तर. 'फिंतांतोके' म्हणजे फिंकेच, ओळखता आलं की पुरे, बोलताना मी तरी वापरत नाही. या चौघांतल्या अटीच्या तिघांनाही कोंजुंतीवो लागतो.

लेखी अनुवाद असेल तर मी पुर्के घेईन. पण तोंडी बोलण्यात अट घालायला सगळ्यात जास्त कानावर पडतं ते 'बास्ता के', म्हणजे 'एवढं केलं की पुरे'. माझ्या खऱ्या घरमालकीणबाईंनीही ना फिंके म्हटलं, ना पुर्के. किल्ली पुढे करत त्या म्हणाल्या, 'बास्ता के पागी.'