तळघर की गच्चीवरची खोली? नागपुरात सामान कुठे ठेवायचं

घर बांधून राहिले असाल आणि सामानासाठी तळघर खोदायचं की गच्चीवर खोली काढायची इथे गाडी अडली असेल, तर मी दोन्ही वापरलंय, आधीच्या घरात तळघर होतं, आता गच्चीवर खोली आहे.

उन्हाळ्यात तळघराला तोड नाही बावा. बाहेर 45 डिग्री आणि खाली निवांत, लोणच्याच्या बरण्या, गहू, डाळी सगळं छान राहायचं. गच्चीवरची खोली मे महिन्यात भट्टी असते, प्लास्टिकचे डबे ठिसूळ होतात, धान्य तर तिथे ठेवूच नका. वरून पांढरा पेंट मारला की थोडा फरक पडतो, थोडाच. आणि कूलर जिन्यावरून वर चढवायचा म्हणजे कंबर गेली, आमचा तर जिन्याखालीच असतो.

पण मग पाऊस. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तळघराच्या भिंतींना बाहेरून दाबते, तिथूनच ओल. पूर्वी पेवात, म्हणजे धान्यासाठी जमिनीत खोदलेल्या कोठारात, ज्वारी ठेवायचे हे खरं, पण ते कोरडी, उंच जागा बघून खोदायचे. ओलीचंही चाललं असतं, गाद्या वर नेल्या असत्या. मला वैताग आणला पंपाने. तळघरातल्या खड्ड्यात साचलेलं पाणी उपसायला पंप होता, पण जोराचा पाऊस आला की आमच्याकडे लाईट नेमकी तेव्हाच जायची, म्हणजे रात्री ढग वाजले की टॉर्च घेऊन खाली जा, पाणी कुठवर आलं बघा, परत या, पडून राहा, झोप काही येत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर तर घरचे साध्या सरीलाही मला उठवायचे. आता पाऊस आला की मी कूस बदलतो.

तुमचा प्लॉट चढावर आणि मुरमाचा असेल तर कदाचित तळघरच बरं पडेल, मी नाही म्हणत नाही. फक्त बाहेरच्या बाजूचं वॉटरप्रूफिंग भराव टाकायच्या आधी स्वतः उभं राहून करून घ्या, नंतर त्या भिंतीमागे कोणाचा हात पोचत नाही. भराव काळ्या मातीचा नको, मुरमाचाच टाकायला लावा. आणि पंपाचा लोड झेपेल असा इन्व्हर्टर बजेटमध्ये आत्ताच धरा.