दोन रेघांचं किट, आणि मला दिसत नाही

जानेवारी 2022 मध्ये ताप आला, घसा धरला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मेडिकलमधून घरी करायच्या कोरोना चाचणीचं किट मागवलं, 250 रुपयांना. मला जन्मापासून दिसत नाही आणि घरी एकटाच असतो, तेव्हा हा अभिप्राय त्या हिशेबाने वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही.

वस्तू ओळखायला त्रास नाही. काडीचं पाकीट लांबट, कार्डाचं जाड नि चुरचुरणारं, द्रावाची नळी बोटाएवढी. माहितीपत्रक मात्र माझ्या दृष्टीने नुसता गुळगुळीत कागद. म्हणून अलकापुरीतल्या पुतणीला व्हिडिओ कॉल लावला. स्वयंपाकाच्या मावशी दारात होत्या, पण त्यांना रेघा बघायला आत बोलवायचं म्हणजे आधी ताप त्यांच्या गळ्यात घालायचा. सोबतच्या माणसाने मास्क कोणता लावावा, कुठे उभं राहावं, यावर त्या कागदात एक ओळ नाही, असं पुतणीने वाचून सांगितलं.

नाकाचं काम मी झकास केलं. दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा काडी फिरवायची. मोजायला डोळे लागत नाहीत. शिंका आल्या तेवढ्या. नळी फुलपात्रात उभी केली. (ती उभी ठेवायला खोक्यालाच भोक असतं म्हणे. मला वाटलं, खोकं फाटकं आलंय.) अडलं ते थेंबांपाशी. कार्डाच्या खळग्यात मोजून दोन थेंब टाकायचे, आणि थेंबाचा आवाज होत नाही. "काका, डावीकडे... अजून जरा... थांबा, पडला एक!" मग पंधरा मिनिटं बोलत्या घड्याळावर. वीस मिनिटांनंतर दिसेल ते धरायचं नाही. पुतणी म्हणाली, एकच रेघ, सी अक्षरापाशी. म्हणजे निगेटिव्ह.

किटच्या ॲपमधलं कार्डाच्या फोटोचं बटण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं माझ्या फोनमधलं सॉफ्टवेअर, नुसतं "बटण" म्हणून वाचतो. पाचपैकी दोन तारे, त्यातला एक पुतणीचा.

लक्षणं असून घरचा निकाल निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधली चाचणी करायची, असं आयसीएमआरचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं तेव्हा सांगणं होतं. ताप तर होताच. एका लॅबचा मुलगा घरी आला. वेळेवर आला, हातही हलका. पण विचारणं सगळं शेजाऱ्यांकडे: "काकाने केटला दिवसथी ताव छे?" (काकांना किती दिवस ताप आहे?) मी हातभर अंतरावर उभा. म्हटलं, "त्रण." तीन. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला, तोही कागदाचा फोटो. पुन्हा पुतणीला फोन. पॉझिटिव्ह.