रेकॉर्डिंग की रंगमंच? मुंबईतल्या व्हायोलिनवादकापुढचा प्रश्न

नोटेशन झरझर वाचता येतंय, हात तयार आहे आणि मुंबईत फ्रीलान्स वाजवायचंय, तर मुख्य वाटा दोनच: स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि मंचावरचा पाश्चात्य ऑर्केस्ट्रा. मी दोन्हीकडे वाजवलंय.

पैशांत स्टुडिओ वरचढ, यात वाद नाही. शिफ्टचा हिशेब, तालमी नाहीत, समोर आलेला कागद तिथेच वाजवायचा. सिने म्युझिशियन्स असोसिएशनचं सदस्यत्व जरूर घ्या, पण फोन येतो तो अरेंजर (गाण्याची वाद्यरचना लिहिणारा) किंवा वादक जमवणारा कोऑर्डिनेटर ओळखतो म्हणूनच. हल्ली बरीचशी स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारखी तंतुवाद्यं, सॅम्पलवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांवर, भागतात. मोठा ताफा हवा असेल तर रेकॉर्डिंग चेन्नईला जातं, नाहीतर थेट बुडापेस्टला. इथे चार-सहा जण तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवतात. एका कानात लयीची टिकटिक, म्हणजे क्लिक, दुसरा कान हेडफोनबाहेर, स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून. हे काम मला आवडायचं.

नडलं ते ‘तारीख ठेवा’ प्रकरण. ‘शनिवार मोकळा ठेवा, नक्की करून कळवतो.’ आपण शिकवण्या हलवायच्या, दुसरं काम सोडायचं आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत फोनकडे बघत बसायचं. विचारावं तर पुढच्या वेळी नाव गळायची धास्ती. कुणाच्या मनात वाईट नसतं, बहुतेकदा गाण्याचं रेकॉर्डिंगच पुढे ढकललेलं असतं. पण तारीख जाते ती आपली, आणि तिचे पैसे कुणी देत नाही.

ऑर्केस्ट्रात तारखा आधी कळतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मोठे सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतात. बरेच वादक परदेशातून येतात, त्यामुळे इथल्या फ्रीलान्स वादकांना जागा मोजक्या, आणि वाजवणं तोडीचं लागतं. 1962 पासूनच्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारख्या ठिकाणी पैशांसाठी नव्हे, ओळखींसाठी जावं. एकाच स्टँडवर शेजारी बसून पेन्सिलीने गज कुठल्या दिशेने ओढायचा त्याच्या खुणा लिहिणारा वादकच पुढे लग्नातल्या क्वार्टेटला (चौघांच्या वादनाला) किंवा गोव्यातल्या कार्यक्रमाला तुमचं नाव सुचवतो. माझी बरीच कामं अशीच आली.

घराचा हप्ता डोक्यावर असेल तर स्टुडिओ सोडा असं मी म्हणणार नाही. व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवत असाल तर दोन्हीकडे मागणी जरा जास्तच. मी मात्र आता आधी सीझनच्या तारखा वहीत लिहितो, आणि उरलेले दिवस स्टुडिओला देतो.