शेवरोले ३०२ (डीझेड): एका हंगामाच्या वापरानंतर

खालून चिवट, वरून नाजूक. १९६९ च्या कॅमारो झेड/२८ चं मूळ ३०२ घनइंचांचं इंजिन (शिक्क्यावरून 'डीझेड') एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर वापरल्यावर एवढं नक्की सांगता येतं. फोर्ज्ड क्रँक आणि चार बोल्टच्या मेन कॅप्सनी ७,००० आरपीएमलाही कुरकुर केली नाही. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या ३०५ घनइंचांच्या मर्यादेत बसावं म्हणून ४ इंच बोअरला ३ इंचांचा स्ट्रोक दिलेला, आणि स्वभावही शर्यतीचाच. ३,५०० च्या खाली पिकअप विसरा. ४,००० नंतर मात्र कागदावरचे २९० हॉर्सपॉवर फारच कमी सांगितलेले वाटतात. मागच्या अ‍ॅक्सलचा ३.७३ गिअर काढून हायवेसाठी ३.०८ टाकायचा बेत असेल, तर हे इंजिन घेऊच नका.

कॅम '३०-३०', म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हना गरम इंजिनावर ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) गॅप. खडखड होणारच. ती घालवायला गॅप आवळत गेलात तर स्लो (आयडलिंग) आणखी बिघडतो. लक्ष ठेवायचं ते एखाद्याच टॅपेटचा गॅप अचानक वाढतो का यावर. तसं झालं तर आधी रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) नट बघा. वारंवार फिरवून त्याची पकड जाते. मग रॉकर धरणाऱ्या स्टडच्या टोकांवर सरळ पट्टी ठेवा. हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला स्टड वर सरकला असेल तर पट्टी तिथे डुगडुगते. तिथे आटेवाला स्टडच बसवावा. दोन्ही ठीक असतील, तर कॅमची लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजतेय. ती झीज टाळायला तेलात झिंक किमान १,२०० पीपीएम हवं, आजच्या साध्या तेलात ते कमी पडतं. नवा कॅम टाकला तर पहिली २० मिनिटं २,००० ते २,५०० वर चालवा. क्रँकवरून उडणाऱ्या तेलावरच लोब भिजतात, आणि स्लोवर ते पुरेसं उडत नाही.

जास्त डोकं खाल्लं ते ७८० सीएफएमच्या (मिनिटाला ७८० घनफूट हवा घेणाऱ्या) होली कार्ब्युरेटरने. स्लोवर व्हॅक्युम जेमतेम १० ते ११ इंच मिळतो. ८.५ चा पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्युम घटला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा) तिथेच उघडझाप करतो, प्लग काळे पडतात आणि दोष जेटला दिला जातो. ५.५ चा टाकल्यावर ती कटकट मिटली. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम कॅनचंही (व्हॅक्युमवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीचंही) तेच: ८ इंचांवर पूर्ण अ‍ॅडव्हान्स देणारा बी२८ कॅन थेट मेनिफोल्डच्या व्हॅक्युमला जोडला की स्लो स्थिर होतो आणि इंजिन कमी तापतं. कॅनची नळी काढून एकूण टायमिंग ३६ अंश. ११:१ कॉम्प्रेशन असूनही ९३ ऑक्टेनवर ठोका (नॉकिंग) आला नाही, कारण कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो आणि प्रत्यक्षातला दाब कमी राहतो.

१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल गरम इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) उकळतं. कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटेड गॅस्केट आणि मेनिफोल्डखालची एक्झॉस्टची वाट बंद, एवढा उपाय पुरतो. मग चोक उशिरा उघडतो, कारण त्याची कॉइल त्याच उष्णतेवर चालते. ते चालवून घ्यावं.

विकत घेताना ३९७००१० या कास्टिंग नंबरवर भाळू नका. तोच ब्लॉक ३५० घनइंचांच्या इंजिनालाही आला. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर असलेल्या सपाट पॅडवर 'व्ही'ने सुरू होणारा शिक्का हवा: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग महिना आणि तारीख, शेवटी डीझेड. ब्लॉकच्या मागची ओतकामाची तारीख त्याआधीची हवी. पॅडवर फ्लिंटच्या यंत्राच्या बारीक रेघा पुढून मागे जातात. पॅड गुळगुळीत असेल तर ब्लॉक घासून शिक्का नव्याने मारलेला असू शकतो, म्हणून पॅडचा तिरप्या उजेडातला फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका.