पिनियन अँगलचं बिल आणि उलट्या बसवलेल्या पाचरी

गॅरेजच्या बिलावर तीन कामं लिहिली होती. पिनियन अँगल उणे ५ अंश, गाडी पूर्ण वजनावर ठेवून मोजला. २ अंशाच्या पाचरी, दोन. नवे यू-बोल्ट, चार. पिनियन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला, ड्राइव्हशाफ्टने फिरणारा लहान गिअर. पाचर अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये बसते, आणि यू-बोल्ट अ‍ॅक्सल पाट्यांना बांधून ठेवतात. गाडी कॅलिफोर्नियातली, १९७० ची प्लिमथ डस्टर ३४०, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. आपल्याकडच्या रेनो डस्टरशी तिचा काही संबंध नाही. या तीन ओळींतली पाचरींची ओळ तेवढी खरी निघाली, आणि त्या पाचरीसुद्धा उलट्या बसवलेल्या होत्या. ही लबाडी बऱ्याच गाड्यांत खपते, कारण गाडीच्या पोटाखाली जाऊन कोणी मोजत नाही.

आधी मुद्दा नीट समजून घ्या. पिनियन अँगल जमिनीशी मोजत नाहीत, तो ड्राइव्हशाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याची) रेघ आणि पिनियनची रेघ यांच्यातला फरक असतो. लाँचला, म्हणजे रेसच्या सुरुवातीला गाडी जोरात सुटताना, अ‍ॅक्सल उलट्या दिशेने पिळला जातो, पाटे वाकतात आणि पिनियनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर चढतं. म्हणून उभ्या गाडीत ते शाफ्टच्या रेघेपेक्षा मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे जोर लागल्यावर दोन्ही रेघा जवळपास एका ओळीत येतात. ड्रॅग रेससाठी साध्या पाट्यांवर उणे ५ ते ७ अंश लागतात. रबरी बुश असलेल्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीला उणे ३ ते ४, आणि लॅडर बार किंवा रॉड-एंडच्या फोर-लिंकला (अ‍ॅक्सल दांड्यांनी पक्का धरणारी सस्पेन्शनं) उणे १ ते २ पुरतात, कारण तिथे हलायला जागाच कमी असते. सगळ्या गाड्यांना एकच आकडा सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

आता फसवणूक कशी झाली ते पाहा. बिलासोबत पुरावा म्हणून डिजिटल गेजचा फोटो दिला होता. त्याच फोटोत मागे चाकं हवेत लोंबकळताना दिसत होती. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर, चॅसीला आधार देऊन उचललेली. अ‍ॅक्सल असा लोंबला की शाफ्टचा मागचा भाग खाली जातो आणि उतार वाढतो. त्या स्थितीत शाफ्ट मागे ८ अंश उतरता, पिनियनचं नाक ३ अंश वर, म्हणून उणे ५. चाकांवर वजन आल्यावर हीच गाडी मोजली तेव्हा शाफ्ट अडीच अंश उतरता आणि नाक २ अंश वर. म्हणजे खरा अँगल उणे अर्धा. लाँचला नाक वर चढल्यावर तो सरळ अधिकमध्ये जातो आणि पूर्ण टॉर्क वाकड्या क्रॉसमधून (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातून) जातो. गाडीत जी थरथर जाणवत होती ती तिथूनच येत होती. मागचा क्रॉस उघडला तर कपांत सुयांचे खड्डे पडलेले होते.

पाचरी नसताना जमिनीवर उणे अडीच होते. लोंबत्या अ‍ॅक्सलवर तेच उणे ७ दिसले, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे ठेवून नाक वर केलं गेलं. पाट्याच्या वर अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत नाक खाली आणायचं तर जाड बाजू मागे हवी. त्याच पाचरी फिरवल्या की उणे साडेचार येतात.

यू-बोल्ट जुनेच होते. आट्यांवर गंज, नटाखाली जुन्या रंगाची न तुटलेली रेघ. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. त्याहून धोक्याचं म्हणजे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट बदललाच नव्हता. पाचर आल्यामुळे त्याचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकापर्यंत पोचत नव्हतं, आणि एका बाजूचा अ‍ॅक्सल पाट्यावर मागे घसरला होता. बैठकीवर घासल्याची चकचकीत खूण स्पष्ट दिसत होती. पाचर घातली की लांब डोक्याचा सेंटर बोल्ट हवाच. पाचरही पोलादी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दाबाखाली फुटते.

मालक तक्रार घेऊन परत गेला तेव्हा गॅरेजने त्याला क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधले मुख्य गिअर) बदलायला सांगितलं. हा दुसरा डाव. पिनियन किती खोल बसवलाय ते आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) यांचा पिनियन अँगलशी काडीचा संबंध नाही. दातांचा आवाज हा शिट्टीसारखा सूर असतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना तो बदलतो. अँगल चुकला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के येतात, ते सीटमध्ये आणि फरशीत जाणवतात. मोजमापाशिवाय गिअरसाठी पैसे देऊ नका.

स्वतः तपासायला चांगलं अँगल गेज पुरतं. सपाट फरशीवर चारही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर घ्या, टायरमध्ये रेसची हवा, टाकीत रेसला असतं तेवढं इंधन, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या. गाडीची शेपटी दाबून सोडा आणि गाडी थोडी मागेपुढे ढकला, म्हणजे पाटे मोकळे बसतात. गेज शाफ्टच्या नळीवर लावा, वेल्ड आणि बॅलन्सचं वजन टाळून. मग क्रॉस काढून पिनियन योकच्या (शाफ्ट जिथे पिनियनला जोडतो त्या तुकड्याच्या) मशीन केलेल्या पृष्ठभागावर लावा. डिफरन्शियलच्या ओतीव अंगावर घेतलेला आकडा भरवशाचा नाही. उतार कुठल्या दिशेला, ते प्रत्येक आकड्यासोबत लिहा, बहुतेक घोळ तिथेच होतो. यू-बोल्ट पहिल्या काही रननंतर पुन्हा आवळावे लागतात.

काम देताना शाफ्टचा आणि पिनियनचा असे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा, नुसती वजाबाकी नको. आकड्यांसोबत चाकं जमिनीवर टेकलेली दिसतील असा फोटो मागा. गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर ते आधी सांगा. सावकाश चालवताना पाटे फार वाकत नाहीत, त्यामुळे उणे ६ वर थरथर राहतेच, आणि ती दुकानाची चूक नव्हे. जुने सुटे भाग परत हवेत हे वर्क ऑर्डरवर सही करतानाच लिहा. कॅलिफोर्नियात तो ग्राहकाचा हक्क आहे, आणि लेखी अंदाजापेक्षा जास्त पैसे तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाहीत. तक्रार राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे करता येते. सोबत बिल, लोंबत्या चाकांचा फोटो आणि वजनावर घेतलेले तुमचे आकडे जोडा. गाडी देण्याआधी यू-बोल्टच्या नटांवर रंगाचा ठिपका मारून त्याचाही फोटो काढून ठेवा.